सोलापूरच्या उन्हात कमी कष्टाची फुलझाडं: नव्याने कुंड्या लावणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत. कठड्यावरून खाली झुकलेली बोगनवेल रस्त्यावरून दिसते, त्यामुळे ओळखीचे-अनोळखी लोक थांबून विचारतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. ती सगळी सोलापूरच्या हवेला धरून आहेत. आपल्याकडे वर्षाचा पाऊस ५५० मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा सप्टेंबरात. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो आणि नळाला पाणी रोज येत नाही. कोकणातल्या किंवा पुण्यातल्या बागेचा सल्ला इथे जसाच्या तसा वापरला, तर चांगलं रोपही हातचं जातं.

मी आजवर एकही झाड लावलेलं नाही. पहिलं कोणतं लावू?

सदाफुली. डोळे झाकून सदाफुली. मूळची मादागास्करची, पण आपल्या उन्हात अशी रुळली आहे की गटाराच्या कडेला, भिंतीच्या भेगेतसुद्धा उगवते. दिवसभर ऊन लागलं तरी तिची तक्रार नसते. शेळ्या तोंड लावत नाहीत. बारा महिने फुलते. फांद्या लांबून मधून उघड्या पडल्या की निम्म्यावर छाटायची, तीन-चार आठवड्यांत झाड पुन्हा भरतं.

ती मरते ती बहुतेक वेळा जास्त पाण्याने. खोड मातीलगत काळं पडतं आणि फांद्या माना टाकतात. आपल्याला वाटतं तहान लागली, म्हणून आपण अजून पाणी ओततो आणि झाड दोन दिवसांत जातं. झाडाने मान टाकली की आधी मातीत बोट घाला. ओल असेल तर पाणी बंद ठेवा.

सदाफुलीशिवाय आणखी कोणती?

ऑफिस टाईम, म्हणजे पोर्तुलाका. सकाळी नऊ-दहाला उमलतं, दुपार टळली की मिटतं. कुणाच्याही कुंडीतून बोटभर काडी मागून आणा, ओल्या मातीत खोचा, आठवड्या-दीड आठवड्यात मूळ धरते. आभाळ असलेल्या दिवशी ते नीट उघडत नाही, त्यात रोपाचा दोष नाही. पसरट, उथळ भांडं याला पुरतं.

गलांडा हे दुसरं नाव. पिवळ्या-तांबड्या फुलांचं हे झाड हारवाल्यांकडे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण घरी कुणी लावत नाही याचं मला वाईट वाटतं. मुरमाड माती, रणरणतं ऊन, कमी पाणी, सगळं चालतं. फुलं सुकली की काढत राहायची, एवढंच काम.

आणि गुलबक्षी. संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास उमलते, रात्रभर मंद वास देते, सकाळी ऊन चढलं की मिटते. कामावरून संध्याकाळी घरी येणाऱ्यांसाठी याहून चांगलं फूल नाही, कारण बाकीची फुलं तोवर कोमेजलेली असतात. बी मिरीएवढं, काळं, सुरकुतलेलं. हिवाळ्यानंतर झाड वाळून जमिनीलगत जातं, तेव्हा ते मेलं म्हणून उपटू नका. खाली गाजरासारखा जाड कंद असतो. पहिला वळवाचा पाऊस पडला की त्यातून कोंब येतात. आमच्या एका शेजारणीने तीन वर्षं पाळलेली गुलबक्षी फेब्रुवारीत खणून टाकली आणि कंद पाहिल्यावर तिच्या लक्षात आलं. तोच कंद मी आणून लावला, तो अजून फुलतो आहे.

नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्यात झाडं कशी जगवायची?

जगतात, पण कुंड्या पाण्याच्या हिशेबाने ठेवाव्या लागतात. दहा इंची कुंडीला कडक उन्हाळ्यात एका वेळी साधारण एक ते दीड लिटर पाणी लागतं. पंधरा कुंड्या असतील तर बादली-सव्वा बादली झाली. घरात एवढं पाणी निघतं का ते आधी पाहा आणि मगच कुंड्या वाढवा. सुरुवातीला पाच पुरेत.

तांदूळ-डाळी धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बाजूच्या बादलीत ओतायची सवय लावा. आमच्या घरी रोज अर्धी बादली सहज निघते. मीठ घालून उकडलेल्या भाजीचं किंवा साबणाचं पाणी मात्र नको. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात. तेच एकट्याने रोज घालू नका, निम्मं साधं पाणी मिसळून घाला आणि तेही बोगनवेल, सदाफुली अशा दणकट झाडांना.

पाणी सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर. किती वेळाने, याचं उत्तर कॅलेंडरात नाही, मातीत आहे. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तो ओळखायला शिका: माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला तर फुटावा. गोळा फुटत नसेल, चिकटत असेल, तर अजून पाणी नको. माती हातातून भुसभुशीत गळत असेल तर लगेच घाला. घालाल तेव्हा तळाच्या भोकातून थेंब येईपर्यंत घाला. रोज वरवर पेलाभर शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि उन्हाने भाजतात.

वर आच्छादन केलं तर पाणी निम्म्यावर येतं असा माझा अनुभव आहे. उसाचं पाचट, कडब्याची कुट्टी, तुरीचा भुसा, आपल्या जिल्ह्यात या वस्तूंना तोटा नाही. दोन बोटं जाडीचा थर खोडापासून थोडा लांब पसरायचा. कडब्याला कधी वाळवी लागते, म्हणून महिन्यातून एकदा थर उचलून खाली बघा.

शेतातली काळी माती आणली आहे. तीच भरू का?

एकटी नको. काळी माती शेतात सोनं आहे, कुंडीत ती ओली असताना चिखल होते आणि वाळली की काठापासून सुटून भेगाळते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. एक वाटा काळी माती किंवा पोयटा, एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक वाटा जाडी वाळू किंवा बारीक मुरूम असं मिश्रण करा. गच्चीवर वजनाची काळजी असेल तर वाळूच्या जागी कोकोपीट घ्या. शेणखत काळं, मातकट वासाचं हवं. गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे, मुळं जाळेल.

तेलाचे पत्र्याचे डबे, रंगाच्या बादल्या, सगळं चालतं. तळाला चार-पाच भोकं हवीतच. पत्र्याचा डबा उन्हात फार तापतो, त्याला बाहेरून चुना लावा.

गच्ची मेमध्ये तव्यासारखी तापते. त्या महिन्यात काय करायचं?

कुंड्या स्लॅबवर टेकवू नका. दोन विटांवर ठेवल्या की खालून हवा खेळते, स्लॅबही ओला राहत नाही. मार्चअखेर सगळ्या कुंड्या एका जागी दाटीवाटीने लावा, मोठ्या बाहेर आणि लहान आत, म्हणजे एकमेकींच्या सावलीत राहतात. वर हिरवी जाळी बांधता आली तर उत्तम, नाहीतर जुनी सुती साडी दुपारपुरती चालते.

एप्रिल-मेमध्ये नवीन रोप लावायचं नाही, कुंडी बदलायची नाही, मोठी छाटणी करायची नाही. या दोन महिन्यांत झाडाला फक्त टिकू द्यायचं. सुरुवात करायची असेल तर जून-जुलैत पहिले पाऊस झाल्यावर किंवा दिवाळीनंतर करा.

याला अपवाद बोगनवेल. बाकी सगळं मरगळलेलं असताना ती रंगाने भरते. आपण जिला पाकळी म्हणतो ती रंगीत पानं असतात, खरं फूल आतली छोटी पांढरी नळी. तिला पाण्याचा थोडा ताण बसला की रंग येतो. लाड केले, रोज पाणी दिलं, की नुसती हिरवीगार वाढते आणि मग लोक विचारतात, फुलं का नाहीत.

देवाला रोज फुलं हवी आहेत. कोणती लावावीत?

गावठी लाल जास्वंद, पांढरी तगर आणि गोकर्ण. एवढ्यावर वर्षभर पूजा होते.

जास्वंदीचं फूल एका दिवसाचं, पण झाड जोमात असेल तर रोज दोन-चार मिळतात. मोठ्या फुलांच्या संकरित जाती दिसायला देखण्या असतात, मात्र आपल्या उन्हात कळ्या फार गाळतात. नवख्याने गावठीच घ्यावी. तिचा एकच मोठा शत्रू, पिठ्या ढेकूण. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसायला लागतं आणि मुंग्यांची रांग चढते. मुंग्या दिसल्या की समजा, कीड आली. जास्त भरलेला शेंडा कापून पिशवीत बांधून टाका, बाकीच्या झाडावर पाण्याचा जोराचा फवारा मारा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या पातळ साबणाचे चार-पाच थेंब घुसळून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा, असं तीनदा. उन्हात फवारलंत तर पानं करपतील.

तगरीला कमी ऊन चालतं, कीड फारशी नाही. गोकर्णाचं बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरा, खिडकीच्या गजावर दोरी बांधून द्या, पुढचं ती बघते. शेंगवर्गातली असल्याने तिच्या मुळांवर नत्राच्या गाठी येतात, त्यामुळे खताचा फार विचारही करावा लागत नाही.

दसऱ्याला घरचा झेंडू हवा. बी कधी टाकायचं?

आषाढी एकादशीला. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे तारीख विसरायची भीती नाही. आषाढी ते दसरा हे अंतर साधारण तीन महिन्यांचं आहे आणि झेंडूला बियापासून भरपूर फुलावर यायला ऐंशी-नव्वद दिवस लागतात. मध्ये अधिक महिना आला असेल तर पेरणी महिनाभर पुढे ढकला. एकादशीला वाटीत किंवा उथळ भांड्यात बी टाकायचं, रोप चार-सहा पानांचं झालं की मोठ्या कुंडीत हलवायचं आणि तीनेक आठवड्यांनी शेंडा खुडायचा. शेंडा खुडायला जीव होत नाही, मला माहीत आहे. पण खुडला नाही तर एकच उंच काडी आणि तिच्यावर चार फुलं. खुडला की बाजूने फांद्या फुटतात.

सप्टेंबरचा मोठा पाऊस झेंडूला आडवा करतो. आधीच काठीचा आधार द्या आणि कुंडीची भोकं तुंबली नाहीत ना ते पाहा.

शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत नवरात्रात बतुकम्मा, म्हणजे देवीसाठी फुलांची उतरंड रचतात, तिच्यासाठी झेंडूबरोबर कुरडू आणि तरवडाची पिवळी फुलं लागतात. तरवडाला ते तंगेडू म्हणतात. अंगणात जागा असेल तर तरवड बियापासून लावून बघा. माळरानावरचं झाड आहे, एकदा मुळं खोल गेली की पाणी मागत नाही. आणि कोंबडा, म्हणजे कुरडूचाच मखमली तुऱ्याचा भाऊ, तो कुंडीत सहज येतो.

मोगऱ्याला पानंच येतात, फुलं नाहीत.

छाटणी राहिली असणार, किंवा ऊन कमी पडतंय. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते. आमचा नेम असा: सिद्धरामेश्वरांचा गड्डा, म्हणजे जानेवारीतली सोलापूरची यात्रा, संपला की मोगऱ्याला हात लावायचा. जानेवारीच्या शेवटी आठ-दहा दिवस पाणी तोडायचं, मग फांद्या एक तृतीयांश छाटायच्या, उरलेली पानं हाताने ओरबाडून काढायची. झाड अगदी काटक्यांचं दिसतं. मग वरची माती हलवून दोन ओंजळी शेणखत आणि पोटभर पाणी. पंधरा दिवसांत लालसर फूट येते आणि मार्चच्या मध्यापासून कळ्या धरतात. दिवसाला पाच-सहा तास ऊन हवंच.

आमच्या गॅलरीत फक्त सकाळचं ऊन येतं.

मग अबोली. अर्धी सावली तिला मानवते. दक्षिणेकडे हिलाच कनकांबर म्हणतात आणि आपल्याकडच्या गजऱ्यांत मोगऱ्यासोबत तीच असते. फूल वाऱ्यासारखं हलकं, देठावर दोन-तीन दिवस टिकतं. वाळलेल्या शेंगांवर पाणी पडलं की त्या टचकन फुटून बी उडतं, म्हणून शेजारच्या कुंड्यांत न लावता रोपं सापडतात. पाहुण्यांना द्यायला माझ्याकडे ती कायम असतात.

गुलाब?

पहिल्या वर्षी नको. छाटणी, काळे ठिपके, मावा, कलमाखालून येणारी रानटी फूट, या सगळ्याकडे लक्ष लागतं. हौसेने आणलेला गुलाब गेला की माणूस बागेचाच नाद सोडतो, असं मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. वर्षभर बाकीची झाडं सांभाळा, मग गावठी गुलाबी गुलाब आणा.

पानं पिवळी पडतात. काय कमी आहे?

कोणती पानं, ते आधी बघा. खालची जुनी पानं एक-दोन पिवळी होऊन गळत असतील तर तो झाडाचा नेहमीचा क्रम आहे. खालून भराभर पिवळी होत असतील तर पाणी जास्त किंवा खत कमी. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर ते बोअरच्या पाण्याचं काम.

आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. कुंडीच्या काठावर आणि मातीवर मिठासारखा पांढरा थर दिसतो ना, ते त्यातले क्षार. माती अल्कधर्मी झाली की त्यातलं लोह झाडाला घेता येत नाही. वरची इंचभर माती खरवडून टाका, तिथे गांडूळखत भरा, आणि चिलेटेड लोहाची (झाडाला घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) पुडी आणून पाकिटावरच्या प्रमाणात फवारा. पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवल्या की क्षार धुऊन जातात. पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी पिंपात धरता आलं तर जास्वंद आणि मोगऱ्यासाठी राखून ठेवा.

घरात लहान मूल आहे. कोणती झाडं टाळायची?

कण्हेर, मग ती लाल असो वा पिवळी. दोन्हींचे सगळे भाग विषारी आहेत आणि त्यांचं विष हृदयावर परिणाम करतं. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी आपण लहानपणी खेळलो, म्हणून ती निरुपद्रवी वाटते, पण आतलं बी जीवघेणं आहे. रांगतं मूल असलेल्या घरात ती नसावी. ॲडेनियमचा चीकही विषारी. सदाफुलीपासून कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही औषधं मिळतात, आणि काही लोक मधुमेहावर तिची पानं चावून खातात. कृपा करून तसं करू नका, झाड विषारी आहे. गुलबक्षीचं बी आणि कंदही पोटात जाता कामा नये. मुलाने काही गिळल्याची शंका आली तर घरगुती उपायात वेळ न घालवता झाडाची फांदी सोबत घेऊन दवाखाना गाठा.

लहान मुलांच्या हाताशी ठेवायला झेंडू, गावठी जास्वंद, मोगरा ही त्यातल्या त्यात सुरक्षित.

कुंड्यांमुळे डास होतात का?

मातीत होत नाहीत, कुंडीखालच्या ताटलीत होतात. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. ताटल्या काढून टाका, नाहीतर आठवड्यातून एकदा घासून कोरड्या करा. झाडांसाठी भरलेलं पिंपही कापडाने बांधून ठेवा.

आठ दिवस गावी जायचं आहे, शेजारी कुणी नाही.

जुना सुती टॉवेल घ्या, सोलापूरच्या घरात तो असतोच. दोन बोटं रुंद पट्ट्या फाडा. पट्टी आधी पूर्ण भिजवा, कोरडी पट्टी पाणी ओढत नाही. बादली दोन विटांवर, कुंडीपेक्षा उंच ठेवा. पट्टीचं एक टोक बादलीच्या तळाला टेकवा आणि वर येऊ नये म्हणून त्यावर दगड ठेवा. दुसरं टोक कुंडीच्या मातीत तीन बोटं खोल पुरा. प्रत्येक कुंडीला वेगळी पट्टी. कुंड्या सावलीत हलवा आणि बादलीवर कापड बांधा. निघायच्या दोन दिवस आधी लावून बघा, कारण पट्टी जाड असेल तर बादली दोन दिवसांत रिकामी होते. तसं झालं तर पट्टी अर्धी करा.

खत किती?

महिन्यातून एकदा कुंडीला मूठभर गांडूळखत, पावसाळ्याच्या सुरुवातीला मूठभर निंबोळी पेंड. मेमध्ये काही नाही.

नर्सरीतून रोप निवडताना काय बघू?

फुलांनी लगडलेलं रोप उचलू नका. कळ्या असलेलं, बुटकं, फांद्या फुटलेलं घ्या. पानं उलटून कीड बघा, पिशवीच्या खालून मुळं बाहेर आली आहेत का ते बघा. एकदा मी भरगच्च फुललेली शेवंती आणली, आठवड्यात ती माना टाकायला लागली. उपटून पाहिलं तर मुळांभोवती लाल मातीचा विटेसारखा घट्ट गोळा होता, पाणी आत शिरतच नव्हतं. तेव्हापासून आणलेलं रोप दोन-तीन दिवस सावलीत ठेवते, मग पिशवी कापून गोळा बोटांनी हलका मोकळा करते आणि संध्याकाळी लावते.

पुढच्या वर्षासाठी बी कसं ठेवायचं?

झेंडू आणि गलांडा झाडावरच तपकिरी होऊ द्या, मग फूल तोडून सावलीत चार दिवस वाळवा. कागदाच्या पुडीत बांधून वर नाव आणि महिना लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट बी बुरसतं. संकरित झेंडूच्या बियापासून आईसारखीच फुलं येतील असं नाही, गावठीची येतात. गुलबक्षीचं बी काळं झालं की आपोआप खाली पडतं, सकाळी झाडताना वेचून घ्या. सदाफुलीच्या शेंगा मात्र पिवळट दिसल्या की त्याच दिवशी काढा, उद्यावर टाकलं तर त्या तडकलेल्या असतात आणि बी कुंडीभर सांडलेलं असतं.